दुखणे आणि त्यावरचे नवे उपचार : वयस्कांसाठी माहिती



साठी-सत्तरी ओलांडली की शरीराचा एखादा तरी भाग रोज हजेरी लावतो. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाच्या पायाचे तळवे. आपली पिढी सोसणारी. "वय झालं, दुखणारच," असे म्हणून काहीजण कुणाला सांगतच नाहीत. काहीजण शेजारणीला लागू पडलेली गोळी स्वतःही घेऊ लागतात. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुखण्याबद्दलचे संशोधन खूप पुढे गेले आहे आणि जुने काही समज खोटे ठरले आहेत. परिचारिका म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे त्यातले आपल्या उपयोगाचे तेवढे इथे सोप्या भाषेत मांडते.

दुखते म्हणजे काय होते

पूर्वी समजत असत की जखम जेवढी मोठी तेवढे दुखणे मोठे. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी सांगितले की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते. ते उघडे असले तर दुखण्याची वर्दी मेंदूकडे जाते, अर्धवट लोटलेले असले तर कमी जाते. लागलेल्या जागी आपण हात चोळतो आणि बरे वाटते, त्याचे कारण हेच.

मिरच्या कुटल्यावर हाताची आग होते ना? ती आग ओळखणारा मज्जातंतूवरचा भाग डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ मध्ये शोधून काढला. उष्णतेची आगही तोच भाग ओळखतो. या कामाबद्दल त्यांना आणि स्पर्शाचा अभ्यास करणारे आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीतल्या त्याच द्रव्याचे मलम आणि पट्ट्या आता मज्जातंतूच्या दुखण्यावर वापरतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट : तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारे दुखणे वेगळे समजायचे. हाड जुळते, जखम भरते, पण मज्जातंतू आणि मेंदू यांना धोक्याची घंटा वाजवायची सवय लागून जाते. म्हणून ताज्या दुखण्याचे औषध जुन्या दुखण्याला लागू पडेलच असे नाही.

दुखणे नीट सांगा

आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! दाढ ठणकते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, पायाला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, नस चमकते. मेलझॅक यांनीच १९७५ मध्ये अशा शब्दांची प्रश्नावली तयार केली, कारण शब्दावरून दुखण्याची जात ओळखता येते. आग, मुंग्या, विजेसारखी चमक असेल तर बहुधा मज्जातंतूचे दुखणे. चालल्यावर किंवा जिना चढताना दुखते आणि बसल्यावर थांबते, ते बहुधा सांध्याचे. दोघांची औषधे निरनिराळी.

पण कुपत खोलिममध्ये गेल्यावर आपण फक्त "कोएव ली" म्हणतो आणि डॉक्टरला काही कळत नाही. म्हणून हे चार-पाच हिब्रू शब्द कागदावर लिहून ठेवा : आग होते ते सोरेफ, टोचते ते दोकेर, ठणकते ते पोएम, दाबल्यासारखे वाटते ते लोखेत्स, आणि बधिरपणा व मुंग्या म्हणजे निमूल.

रोजच्या गोळ्या

अकामोल म्हणजे पॅरासिटामॉल, मुंबईत आपण क्रोसिन म्हणून घेत होतो तेच. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास कमी, पण जास्त झाले तर यकृत खराब होते. दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. अशक्त, वजनाने हलक्या वयस्कांना डॉक्टर त्याहून कमी सांगतात. सर्दी-पडशाच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरा. मात्र सर्व प्रकारच्या दुखण्याला ते चालते असेही नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात सुमारे १,६५० लोकांवर झालेल्या अभ्यासात, अचानक धरलेली कंबर या गोळीने जेवढ्या दिवसांत बरी झाली, तेवढ्याच दिवसांत औषध नसलेल्या नकली गोळीनेही झाली.

नुरोफेन, नाक्सिन, एटोपान, व्होल्टारेन हे सूज उतरवणारे औषधांचे कुटुंब. काम चांगले करतात, पण वयस्कांच्या पोटात रक्तस्राव, रक्तदाब वाढणे, मूत्रपिंड बिघडणे हे धोके आहेत. पोटाला कमी त्रास म्हणून आलेले व्हायॉक्स हे याच जातीचे औषध हृदयविकाराचा धोका वाढल्यामुळे २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. ब्लडप्रेशरची गोळी, लघवी होण्याची गोळी आणि वर नुरोफेन, असे तीन एकत्र आले की मूत्रपिंडावर फार ताण येतो. इथल्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले, जुलाब झाले किंवा उपास असला तर आणखीच. कुमादिन किंवा एलिक्विस घेणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ही गोळी तोंडात घालू नये. गुडघ्याला आणि हाताच्या बोटांना याच औषधाची जेल चोळता येते. ती रक्तात फार थोडी जाते आणि आराम पडतो. म्हणूनच नवे नियम आधी जेल वापरा, मग गोळी, असे सांगतात.

ऑप्टालजीन आपल्या घराघरांत आहे. भारतात ते ॲनाल्जिन नावाने मिळत असे. अमेरिकेत १९७७ पासून ते विकत नाहीत, कारण क्वचित कुणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. इथले डॉक्टर ते देतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पण ते घेत असताना ताप आला, घसा फार दुखू लागला, तोंडात फोड आले तर गोळी बंद करून लगेच रक्त तपासून घ्यावे.

जालीम गोळ्या

ट्रामाडेक्स, पर्कोसेत, फेन्टानिलच्या पट्ट्या ही अफूच्या जातीची औषधे. कर्करोगाच्या दुखण्यात, शस्त्रक्रियेनंतर ती देवासारखी धावून येतात. तिथे "सवय लागेल" म्हणून पेशंटला तळमळत ठेवणे मुळीच योग्य नाही. पण जुनी कंबर आणि गुडघे यांची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये अमेरिकेत २४० रुग्णांना वर्षभर तपासले. निम्म्यांना अफूच्या जातीची औषधे, निम्म्यांना साधी. रोजची कामे करण्यात दोन्ही गट सारखेच निघाले, आणि दुखणे साध्या औषधांच्या गटात किंचित कमी होते! वयस्कांना या गोळ्यांनी चक्कर, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखे होते. रात्री बाथरूमला उठताना पडले की खुब्याचे हाड मोडते. मात्र बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

अफूच्या जातीचे नसलेले एक अगदी नवे औषध ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत मंजूर झाले. नाव सुझेट्रिजिन. ते मेंदूवर काम न करता दुखण्याची वर्दी नेणाऱ्या मज्जातंतूतला एक दरवाजाच बंद करते. ही मंजुरी शस्त्रक्रियेनंतरच्यासारख्या ताज्या दुखण्यासाठी आहे. सायटिकाच्या रुग्णांवर करून पाहिले तेव्हा नकली गोळीएवढाच गुण आला. तेव्हा नातवंडांनी मोबाइलवर बातमी दाखवली तरी आपल्या जुन्या दुखण्यासाठी त्याची वाट पाहत बसू नये.

चालणे हेही औषध

"दुखतंय तर पडून राहा," हा जुना सल्ला आता मोडीत निघाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत नेण्याचा चालण्याचा कार्यक्रम दिला. त्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले. बाकीच्यांची ११२ दिवसांतच धरली.

गुडघ्याचेही तसेच. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार कमी होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच मोजेपर्यंत धरावा, खाली ठेवावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. सुरुवातीला थोडे दुखले तर घाबरू नये, पण दुसऱ्या दिवशीही जास्त दुखत राहिले तर व्यायाम कमी करावा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने फार फरक पडतो. २०२४ मध्येच लठ्ठ आणि गुडघेदुखी असलेल्या ४०७ लोकांवर सेमाग्लुटाइड या इंजेक्शनचा अभ्यास झाला. वजन उतरले तसे गुडघ्याचे दुखणेही बरेच कमी झाले.

मनाचाही भाग आहे. याचा अर्थ दुखणे खोटे, असा नव्हे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात जुन्या पाठदुखीच्या ५० रुग्णांना चार आठवडे बोलण्याचे उपचार दिले. शरीराला इजा होत नाही, ही खोटी घंटा आहे, हे त्यांना समजावून शिकवले. त्यांच्यापैकी ६६ टक्के जवळजवळ दुखणेमुक्त झाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. झोप नाही, एकटेपणा, काळजी, यांनी ते फाटक उघडे राहते, हे लक्षात ठेवावे.

मधुमेह आणि नागीण

आपल्यात मधुमेह घरोघरी. त्यामुळे तळव्यांची आग, मुंग्या हे दुखणे फार. यावर साध्या दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत. लिरिका, ड्युलोक्सेटिन, एलाट्रोलेत यांपैकी एक देतात. २०२२ मधल्या इंग्लंडच्या अभ्यासात तिन्हींपासून सुरू केलेल्या उपचारांचा गुण सारखाच आला, आणि एकाने पुरेसे भागले नाही तेव्हा दुसरे जोडल्यावर आराम वाढला. सगळ्यांनी झोप आणि चक्कर येऊ शकते. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी झाले तरी मुंग्या येतात.

नागीण, म्हणजे इथले शल्बेकेत खोगेरेत, बरी झाली तरी जागा महिनोन्‌महिने जळत राहते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू करावे. त्याहून बरे म्हणजे शिंग्रिक्स लस. दोन डोस असतात, आणि सत्तरीपुढच्यांतही ती सुमारे ९० टक्के संरक्षण देते. आपल्या कुपतमध्ये विचारा.

कॅनाबिसबद्दल

कॅनाबिसमधले मुख्य द्रव्य रफाएल मेशुलाम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये आपल्या रेखोवोतलाच शुद्ध स्वरूपात वेगळे केले. इथे पुष्कळांना ते डॉक्टरांच्या परवानगीने मिळते. काहींना झोप आणि आराम मिळतो. पण दुखण्यासाठी सरसकट शिफारस करावी एवढा पुरावा नाही, असे जागतिक वेदना संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. वयस्कांना चक्कर आणि गोंधळ होऊ शकतो. ओळखीच्याकडून तेल आणून घेऊ नका.

ज्यांना सांगता येत नाही

स्मृती गेलेली माणसे पुष्कळदा हिब्रू विसरतात, मराठीच उरते. सांभाळणारीला तीही समजत नाही. अशा वेळी चेहरा पाहावा : कपाळाला आठ्या, कण्हणे, अंग चोरणे, कपडे बदलताना हात झटकणे, जेवण सोडणे. एरवी शांत असलेली आजी एकदम चिडू लागली तर ती "वेडी झाली" म्हणण्याआधी कुठे दुखते का ते शोधा. "आई, दुखतंय का गं?" असे मराठीतच विचारा. सांभाळणारीला दुख, पोट, पाणी असे दहा मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहून द्या.

इथे थांबू नका

छातीत दाब, घाम, दम. मधुमेह्यांना छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो, नुसता दम आणि अशक्तपणा वाटतो. आयुष्यात कधी झाले नाही असे एकदम जोराचे डोके दुखणे. कंबर दुखून लघवी-शौचावरचा ताबा जाणे. यांत लगेच १०१ ला फोन करा. नवे डोके दुखणे, चावताना जबडा दुखणे आणि नजर अंधुक होणे हे एकत्र आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर दृष्टी जाऊ शकते. पडल्यानंतरचे, तापासह असलेले किंवा वजन घटत असतानाचे दुखणेही लवकर दाखवा.

डॉक्टरकडे जाताना

घरातल्या सर्व गोळ्या, भारतातून आणलेली मलमे, चूर्णे आणि काढेसुद्धा एका पिशवीत घालून न्या. आठवडाभर लिहून ठेवा : कधी दुखते, कशाने वाढते, कशाने थांबते. "दहापैकी किती?" असे विचारले तर लाजून कमी सांगू नका. आणि नुसते दुखणे सांगू नका, काय करता येत नाही तेही सांगा : बाजारात जाता येत नाही, नातवाला उचलता येत नाही. तीन महिने उपचार करूनही गुण नसेल तर "मिर्पअत केएव", म्हणजे दुखण्याच्या क्लिनिकसाठी चिठ्ठी मागा. तो आपला हक्क आहे. कुठलीही चालू गोळी हा लेख वाचून बंद करू नका, आधी आपल्या डॉक्टरला विचारा.