धातुपृष्ठाची पूर्वतयारी

उघड्या धातूवर प्रायमर लावण्याआधी तेल, गंज, क्षार व सैल थर काढून पृष्ठ किंचित खरखरीत करण्याची प्रक्रिया. रंग सुटला की खापर रंगावर फुटते. दोष पुष्कळदा या टप्प्यातला असतो.

पहिले काम तेल-ग्रीस काढण्याचे. आधी घासले तर तेल ओरखड्यांत पसरते. थिनरच्या फडक्याने पुसतात. फडके वरचेवर बदलले नाही, तर तेच तेल दुसरीकडे लागते.

तापवून लाटलेल्या पोलादावर निळसर काळा, गुळगुळीत ऑक्साइडचा थर असतो (मिल स्केल). तो दिसायला मजबूत, पण फसवा. त्याला तडे जातात, ओलावा आत शिरतो आणि तेथील पोलाद वेगाने गंजते. मग रंगासह पापुद्रे निघतात. तारेचा ब्रश व पॉलिश पेपर यांनी तो पुरता निघत नाही, त्यासाठी दाबाच्या हवेने खडीचा मारा करतात. आयएसओ ८५०१-१ या मानकात हाताने वा यंत्राने घासलेल्या पृष्ठाच्या प्रती एसटी २ व एसटी ३, तर माऱ्याच्या एसए १ ते एसए ३ अशा आहेत. पूल, टाक्या यांसाठी बहुधा एसए २½ मागतात.

किनारी भागात मीठ गोड्या पाण्याने धुवावे लागते. ते राहिल्यास रंगाखाली फोड येतात. साफ पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस होते. म्हणून प्रायमर लगेच लावतात, आणि पृष्ठाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३° से. जास्त ठेवतात. जस्तलेपित पत्र्यावर साधा अल्किड प्रायमर चालत नाही: जस्ताशी विक्रिया होऊन साबणासारखा थर बनतो.