नाव कायम, पत्ता फिरता

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या छोट्या कार्यालयातली वीज गेली आणि तासाभराने आली. सर्व्हर आपोआप सुरू झाला, इंटरनेटही परतले. पण मी परगावाहून त्यात शिरायला गेलो, तर काहीच उत्तर येईना. यंत्र ठणठणीत होते. बदलला होता तो जोडणीचा आयपी पत्ता. माझ्या वहीत कालचा आकडा होता, कार्यालयाकडे आजचा. या किरकोळ खोळंब्याचे मूळ शोधत गेलो, तेव्हा मागे एक जुना प्रश्न दिसला : संगणकाचे नाव आणि त्याचा पत्ता यांची नोंद ठेवायची कोणी?

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या अर्पानेटवर या प्रश्नाला सरळ उत्तर होते. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली एक माहिती केंद्र चाले. जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते तिथल्या एकाच फाइलमध्ये असत. नवे यंत्र आले की केंद्राला कळवायचे. बाकीच्यांनी ती फाइल वेळोवेळी उतरवून घ्यायची. गावात एकच तलाठी असावा, तसा हा कारभार. यंत्रे शेकड्यांत गेली तसा तो झेपेनासा झाला.

१९८३च्या नोव्हेंबरात पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा, म्हणजे डीएनएसचा, आराखडा प्रसिद्ध केला. एकच वही ठेवण्याऐवजी प्रत्येक संस्थेने आपल्या हद्दीतली नावे स्वतः सांभाळावीत, असा त्याचा गाभा. प्रत्येक उत्तरासोबत ते किती काळ ग्राह्य धरायचे याची मुदतही जाई. मात्र पत्ते क्वचितच बदलतील आणि बदलले तर माणूस नोंद दुरुस्त करील, हे यात गृहीत होते.

ते गृहीत दहा वर्षांतच डळमळले. १९८१ साली ठरलेल्या आयपी पत्त्याला ३२ बिटांची जागा होती. म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, अवघ्या जगासाठी. एकेक पत्ता एकेका ग्राहकाला कायमचा देणे परवडणारे नव्हते. १९९३मध्ये डीएचसीपीचे पहिले प्रमाण आले आणि त्यात पत्ता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची सोय झाली. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारासारखेच हे. फक्त मुदत कधी तासांची, कधी दिवसांची. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हाच्या डायल-अप ग्राहकालाही फोन जोडला की सामाईक साठ्यातला एखादा पत्ता मिळे आणि फोन ठेवला की तो परत जाई. पाहुण्यासारखे इंटरनेटवर फिरून येणाऱ्याला याची झळ लागत नाही. ज्याच्या दाराशी इतरांनी यायचे आहे, तो मात्र अडतो.

एप्रिल १९९७मध्ये डीएनएसमधली नोंद संदेश पाठवून तत्काळ बदलण्याची रीत प्रमाणित झाली. पुढे ‘डायनॅमिक डीएनएस’ म्हणून रुळलेल्या सेवा त्याच कल्पनेवर चालतात. कार्यालयातला एक लहानसा प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी आपला बाहेरचा पत्ता पाहतो. तो बदलला असेल तर नावांच्या सर्व्हरला कळवतो. उत्तराची मुदत मिनिटभराचीच ठेवली की जुना पत्ता कोणाच्या स्मृतीत फार काळ राहत नाही. मेन्लो पार्कला फोन करून करायचे काम आता यंत्र स्वतःच करू लागले.

पण सोडलेला पत्ता उद्या दुसऱ्या कोणाला मिळतो. आपण जुन्या पत्त्यावर दार ठोठावले, तर आत भलताच असू शकतो. १९९५ साली तातू युलोनेन यांनी लिहिलेले एसएसएच इथे कामी येते. ते सर्व्हरची किल्ली पहिल्या भेटीत लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी वेगळी किल्ली दिसली की सावध करते. नाव पत्ता सांगते. ओळख पटवते ती किल्ली.

मी हे सगळे मांडले, तरी दार उघडेना. कारण निराळेच निघाले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट वाटले गेले. त्यानंतर कंपन्या एकेका खऱ्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवू लागल्या. २०१२मध्ये या आतल्या व्यवस्थेसाठी १००.६४ ते १००.१२७ हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला गेला. माझ्या राउटरवर त्यातलाच आकडा होता. सोसायटीच्या फाटकावर एकच पाटी आणि आतल्या घरांना बाहेरून क्रमांकच नाहीत, अशी ही गत. नाव कितीही तत्परतेने बदला, ते फाटकापाशीच थांबते.

१२८ बिटांच्या आयपीव्ही६मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देण्याइतकी जागा आहे. मात्र तिथेही कंपनी पत्त्याचा पुढचा भाग बदलू शकते. माझ्यापुढे दोन वाटा होत्या : जादा पैसे भरून कायमचा पत्ता घेणे, किंवा भाड्याच्या दूरच्या यंत्राशी सर्व्हरनेच आतून जोडणी उघडून ठेवणे आणि त्या वाटेने आत येणे. मी दुसरी निवडली. काम चालू आहे. पण माझ्याच कार्यालयात शिरायला मला रोज दुसऱ्याच्या अंगणातून जावे लागते. चाळीस वर्षांपूर्वी मेन्लो पार्कच्या एका कचेरीतून सुटलेली नोंदवही पुन्हा कोणाच्या तरी कचेरीत गेली आहे, हे त्या वेळी आठवते.