ध्वनिक्षेपकाआधीचा आवाज

बेव्हर्ली पार्कच्या या सभेत आमच्यापुढे ध्वनिक्षेपक आहे, म्हणून शेवटच्या रांगेतल्या गृहस्थांनाही कान टवकारावे लागत नाहीत. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, ती मात्र या यंत्रावाचून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत भरलेल्या त्यांच्या सभेला सुमारे १०,००० कामगार जमले होते आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जूनमध्ये मालकांनी सुट्टी मान्य केली. बायकांचा आवाज मैदानात पोचत नाही असे आजही आम्हाला ऐकवणारे पुढारी भेटतात. त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे!

एवढ्या समुदायाला उघड्या कंठाने ऐकू कसे जाई? अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन याला हाच प्रश्न पडला होता. व्हाइटफील्ड नावाचा धर्मोपदेशक फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर बोलत असता तो मागे मागे चालत गेला, शब्द कुठवर कळतात ते पाहिले आणि जागेचा हिशेब मांडून ३०,००० माणसे ऐकू शकतील असे त्याने ठरवले.

अशा आवाजाचे बळ गळ्यात नसते. स्वरतंतू केवळ कंप पावतात. त्यांना कंपवणारा वारा छातीतून येतो आणि तो बेताने सोडण्याचे काम बरगड्यांचे व पोटाचे स्नायू करतात. श्वास संपत आला की माणूस गळा आवळून ओरडतो, तंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसतो.

आमच्या शाहिरांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ करीत सूर धरतात, तो केवळ साज नव्हे. तेवढ्या अवकाशात शाहीर छाती भरून घेतो. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा हीच जुनी सोय गिरणगावाच्या उपयोगी पडली. वक्त्यामागे झीलकरी नसतात. त्याने आपले वाक्यच श्वासाएवढे ठेवावे आणि टाळ्या पडल्या की दम घ्यावा. (टाळ्या न पडल्यास तरीही घ्यावा.)

हा केवळ जुना इतिहास नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगीवाचून ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रात्री दहा ते सकाळी सहा सामान्यतः बंदीच असते. रात्रपाळीला निघालेल्या कामगाराला गेटवर गाठायचे तर छातीतला वाराच कामी येतो. म्हणून नव्या कार्यकर्त्यांना आम्ही प्रथम भाषण शिकवीत नाही. पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला लावतो, मग ‘स्’ असा एकसारखा सूर काढीत तो सावकाश सोडायला लावतो. हात हळूहळू आत गेला पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. गेटवर उभे राहताना पाठीशी भिंत घ्यावी, वारा श्रोत्यांकडे वाहत असावा, आणि पहिले वाक्य सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून बोलावे.