तबकडीच्या शेवटी उच्चारलेलं नाव

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरचं गाणं संपतं, सुई मधल्या कागदी चकतीकडे सरकायला लागते आणि तेवढ्यात गाणारी बाई एका दमात स्वतःचं नाव सांगून टाकते. कधी हिंदुस्थानीत, कधी चक्क इंग्रजीत. आवाजात गाण्याची धाप असते. गौहर जान हे नाव आज ज्यांच्या कानावर आहे, त्यांतल्या अनेकांना तिची ठुमरी ओळखू येणार नाही. शेवटी तिनं इंग्रजीत सांगितलेलं नाव मात्र नक्की ओळखू येईल.

ही तिची ऐट, असं बऱ्याच जणांना वाटतं. थोडी ऐट असेलही, पण रीत कारखान्याची आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात आला तेव्हा हिंदुस्थानात तबकड्या छापण्याची सोय नव्हती. गाणं मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जायचं, त्या चकत्या पेट्यांत भरून जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथं छापलेल्या तबकड्या जहाजानं परत यायच्या. त्या पहिल्या दौऱ्यातल्या चकत्या साडेपाचशेच्या आसपास. हॅनोव्हरच्या कामगाराला बंगाली, उर्दू, हिंदुस्थानी यांतलं अक्षरही कळत नव्हतं. कुठल्या चकतीवर कोण गातंय हे त्याला समजावं म्हणून गाणाऱ्यानंच शेवटी नाव उच्चारायचं, असं ठरलं.

या रीतीचं मूळ आणखी मागं जातं. तबकडीच्या आधी मेणाच्या नळकांड्या होत्या. त्यांवर कागद चिकटवायला जागाच नव्हती, म्हणून अमेरिकेत गाण्याच्या सुरुवातीलाच कुणीतरी खणखणीत आवाजात गाण्याचं, गाणाऱ्याचं आणि कंपनीचं नाव पुकारायचं. पुकारणारा बहुतेक वेळा गाणारा नसे. हिंदुस्थानातल्या या तबकड्यांत ही घोषणा गाण्याच्या शेवटाला गेली आणि गाणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडी आली. जागा आणि तोंड बदललं तसा त्या घोषणेचा अर्थही पालटला, असं मला वाटतं.

आपल्याकडे रचनेच्या शेवटी नाव येणं हे शतकानुशतकांचं वळण आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात तर ते दोन्ही बाजूंनी आलेलं आहे. पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या संत एकनाथांचा अभंग ‘एका जनार्दनीं’पाशी येऊन टेकतो. गंगाखेडच्या जनाबाईंची सही त्यांच्या अभंगातच असते. आणि याच शहरात अठराव्या शतकात सिराज औरंगाबादी होऊन गेले. त्यांच्या गझलेच्या शेवटच्या शेरात, मक्त्यात, ‘सिराज’ येतंच. त्यांच्या एका गझलेनं तर कव्वालांच्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या. अडीचशे वर्षं ती गायली जाते आहे आणि दर वेळी शेवटी कवीचं नाव उच्चारलं जातं.

पण हे नाव कवीचं. गाणाऱ्याला सहीची जागा कधीच नव्हती. कीर्तनात अभंग म्हणणारा, उरुसात गझल गाणारा, बैठकीत ठुमरी मांडणारी, ही सगळी माणसं दुसऱ्याचं नाव गात राहिली आणि त्यांचा आवाज त्याच रात्री विरून गेला. भाऊराव कोल्हटकरांसारखा महाराष्ट्र वेडा करणारा गायक नट १९०१ मध्ये गेला. गेसबर्ग त्यानंतर वर्ष-पावणेदोन वर्षांनी आला. भाऊरावांचा आवाज कसा होता हे आपण फक्त वाचतो. तबकडीनं गाणाऱ्याला पहिल्यांदा मक्ता दिला. दिला तो परदेशी कामगाराच्या सोयीसाठी, पण दिला. आज कितीतरी गायिकांच्या बाबतीत त्यांच्या हयातीचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे त्यांनीच तबकडीच्या शेवटी घाईघाईत उच्चारलेली ती चार अक्षरं.

१९०८ मध्ये कोलकात्यात सियालदहला छपाईचा कारखाना निघाला. मेणाच्या चकत्या समुद्रापार जाण्याची गरज संपत गेली आणि नाव उच्चारण्याची रीतही हळूहळू ओसरली. मग नाव उरलं ते फक्त कागदी चकतीवर, आणि कागदावरच्या नावाची गत काय होते ते जुन्या बाजारात समजतं.

आमच्याकडे जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात भंगार, भांडी, घड्याळं, हत्यारं यांच्या मधोमध कधीमधी तबकड्यांचा गठ्ठा दिसतो. मनमाड-हैदराबाद रेल्वेवरचं हे गाव. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला निजामाची राजधानी. त्यामुळे एकाच गठ्ठ्यात नाट्यपदाला खेटून कव्वाली निघते. तबकडी हातात घेतली की आधी तिचं वजन जाणवतं. ती लाखेची: छोटा नागपूरच्या जंगलातल्या किड्यानं झाडावर जमवलेली लाख, तिच्यात दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू. पडली तर कपबशीसारखी फुटते. कागदावर पाणी पडलेलं असतं, कसरीनं नक्षी काढलेली असते, मालकानं शाईनं स्वतःचं नाव टाकलेलं असतं ते नेमकं गायिकेच्या नावावर. तरीही तबकडी मुकी होत नाही. ती उजेडात तिरपी धरायची. कागदाच्या कडेला, खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्ट्यावर, नखभर उंचीचे आकडे उमटलेले दिसतात. हा ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. कागदावरचा क्रमांक दुकानदारासाठी असतो, हा कारखान्यासाठी. ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांत या आकड्याला जोडलेल्या अक्षरावरून ध्वनिमुद्रण कुठल्या तंत्रज्ञानं केलं हे कळतं. तो तंत्रज्ञ कुठल्या साली कुठल्या शहरात होता हे कळलं की गाणं कुठं आणि केव्हा गायलं गेलं हेही कळतं. शेजारच्या आकड्यांच्या तबकड्या सापडल्या की त्या दिवशी त्या खोलीत आधी कोण गायलं, नंतर कोण, अशी रांग लागते. कागद पार गेलेल्या तबकडीचं नाव अशा रांगेवरून लागतं.

आणि नाव शाबूत असलं तरी ते पुरं असतंच असं नाही. कागदावर ‘मिस’ आणि पुढं एकच शब्द. किंवा नावापुढं गाव: आग्र्याची जोहराबाई, अलाहाबादची जानकीबाई. गाव हीच ओळख, कारण बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लावायची सोय त्या बायकांना समाजानं ठेवलेली नव्हती. दुसरीकडे घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली मुलगी गायली तर नावापुढं ‘अमॅच्युअर’ छापायचे: ही पोटासाठी गात नाही, एवढं त्या एका शब्दानं सांगायचं. एका कागदी चकतीवर त्या काळाची सगळी उतरंड दिसते. ‘मिस अमुक’चा माग काढणं अवघड होतं ते यामुळेच. तिला घर होतं, आडनाव असेल, पण कंपनीच्या वहीत ते लिहावं असं कुणाला वाटलं नाही.

हा माग शास्त्रशुद्ध रीतीनं काढायला आपल्याकडे उशीर झाला. मायकेल किनिअर हा ऑस्ट्रेलियातला संशोधक. ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची, म्हणजे १८९९ ते १९०८ या काळाची, क्रमांकवार सूची त्यानं १९९४ मध्ये ग्रंथरूपात आणली. त्याआधी १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था उभी राहिली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राचं काम केलेल्या डॉ. सुरेश चांदवणकरांनी ती वर्षानुवर्षं चालवली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक काढलं, आणि सोलापूर, नांदेड, अमरावतीसारख्या गावांतही संग्राहकांची मंडळं तयार झाली. मला यातली नांदेड, सोलापूर ही नावं फार मोलाची वाटतात. ज्या गठ्ठ्यांत अनाम गाणारे दडले आहेत ते गठ्ठे मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत पोहोचलेलेच नाहीत; ते वाड्यांच्या माळ्यावर आहेत.

चांदवणकरांच्या कामांतलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्यांचं. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं साधारण १९३५ ते १९५५ या काळात हा छाप चालवला. नावाजलेले गायक मोठ्या कंपन्यांशी करारानं बांधलेले, त्यामुळे या देशी कंपनीच्या वाट्याला बहुतेक नवखे आणि हौशी गाणारे आले. पाच हजारांच्या घरात तबकड्या निघाल्या आणि त्यांतल्या थोड्याच आज हाती लागतात. ब्रिटिश लायब्ररीच्या ‘एन्डेंजर्ड आर्काइव्ज’ योजनेतून त्यांचं अंकीकरण झालं. कुणाच्या आयुष्यात ही एकच तबकडी निघाली असेल. घरच्यांनी ती चारदोनदा वाजवली, मग फोनो बिघडला, मग पोरांनी तबकडी चाकासारखी फिरवली. मोठ्या गायकाची तबकडी फुटली तर दुसरी मिळते. ही फुटली तर ते माणूस गायलं होतं याला दाखला उरत नाही.

मोठ्या नावांनाही हा फटका बसतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून पृथ्वीवरचं संगीत अंतराळात धाडायचं ठरलं तेव्हा रॉबर्ट ब्राऊन या संगीत अभ्यासकानं केसरबाई केरकरांच्या भैरवीची शिफारस केली. तबकडी छापायची बंद झालेली. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, एका मेजाखालच्या खोक्यात सापडली. केसरबाई तेव्हा हयात होत्या. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं, बाई १६ सप्टेंबरला गेल्या.

संग्राहकांची जातही सगळीकडे एक नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या कामगार वस्त्यांत साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ‘सोल’ संगीताचं वेड पसरलं. तेही गाजलेल्या गाण्यांचं नव्हे. डेट्रॉइट-शिकागोत पडलेल्या, गोदामात कुजलेल्या तबकड्यांचं. विगन कॅसिनोसारख्या नाचघरांत पोरं रात्रभर त्यावर नाचायची. जो वाजवणारा सगळ्यांत दुर्मीळ तबकडी लावेल त्याचं नाव मोठं. म्हणून हे लोक तबकडीवरच्या नावावर कोरा कागद चिकटवायचे आणि खोटंच नाव सांगायचे, प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये म्हणून. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ ची एक तबकडी तिथं एडी फॉस्टर या नावानं गाजली. तिच्या मोजक्या प्रती उरल्या आहेत. २००९ मध्ये त्यांतली एक पंचवीस हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. या वेडातूनच पुढं कितीतरी विसरलेले गायक शोधले गेले, म्हातारपणी मंचावर आणले गेले, हे खरं. पण नाव झाकून तबकडीची किंमत वाढवणं मला पटत नाही. गाणाऱ्याच्या नावावर कागद चिकटवणारा संग्राहक आणि त्याला पैसे बुडवणारा कंपनीवाला, दोघंही त्याला एकाच अंधारात ढकलतात.

‘सोल’चं नाव निघालं की मला माझ्याच शहराकडे यावं लागतं. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये दलित पँथरनं नाव घेतलं. त्याआधी १९५० मध्ये बाबासाहेबांनी इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत याच मातीत पेटला. ज्यांच्या जिवाची तगमग आणि ज्यांचा ताठ कणा गाण्यात उतरला असं आपलं ‘सोल’ म्हणजे भीमगीत. जलशांतून निघालेलं, कव्वालीचा ठेका घेतलेलं, गायन पार्ट्यांच्या सवाल-जवाबांत घासलेलं. वामनदादा कर्डकांच्या रचनेत शेवटी ‘वामन’ येतो. अभंगाची आणि मक्त्याची ती जुनी सही त्यांनी पुढं नेली. त्यामुळे वामनदादांचं गाणं कुणीही गायलं तरी कवी हरवत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तबकड्या आणि कॅसेटींमुळे घराघरांत राहिला. पण त्यांच्यामागं जिल्ह्याजिल्ह्यांत गाणारे, कोरस धरणारे, ढोलकी-बँजो वाजवणारे यांचं काय?

त्यांची गाणी कॅसेटवर आली. कॅसेट तबकडीहून स्वस्त, म्हणून गरिबाला परवडली. आणि तबकडीहून कच्ची. तिच्या अंगावर क्रमांक कोरलेला नसतो. नाव छापलेलं असतं ते डबीतल्या घडीच्या कागदावर, आणि डबी सगळ्यात आधी फुटते. मग उरते ती कोरी पांढरी कॅसेट, मालकानं पेनानं लिहिलेली ‘भीमगीते २’. लाखेच्या तबकडीचा माग आकड्यांवरून शंभर वर्षांनी लावता येतो, चाळीस वर्षांपूर्वीच्या या कॅसेटचा लावता येत नाही. संग्राहकांची नजर शास्त्रीय, नाट्यपद आणि सिनेमा यांवरच राहिली, भीमगीतांना किनिअरसारखी क्रमवार सूची अजून मिळायची आहे, याची मला खंत आहे.

पण इथं एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. गौहर जानला विचारायला आता कुणी जाऊ शकत नाही. कॅसेटीवर गायलेली माणसं मात्र अजून आपल्यात आहेत, त्यांच्या पार्टीत पेटी धरणारे आहेत, त्यांची मुलं-नातवंडं आहेत. १४ एप्रिलला भडकल गेटला, १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दारात ती भेटतात. कॅसेट वाजवून दाखवली की आवाज कुणाचा ते सांगतात, कोरसमध्ये कोण होतं, ढोलकी कुणाची, मुद्रण कुठल्या गावी, पैसे किती मिळाले किंवा मिळालेच नाहीत, हेही सांगतात. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी ती आधी घरातल्या ज्येष्ठांसमोर उघडावी, एकेक कॅसेट वाजवावी, आणि ते जे नाव घेतील ते वेगळ्या कागदावर नव्हे तर कॅसेटच्या पाठीवरच, न पुसणाऱ्या शाईनं लिहावं: गाणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, साल, साथीदार.