मनोविश्लेषणातील विश्लेषक-रुग्ण नाते (ब्रिटन)

रुग्ण लहानपणीची ओढ, राग, भीती नकळत विश्लेषकावर रोखतो, ते भावसंक्रमण. त्यामुळे विश्लेषकाच्या मनात जे उसळते, ते प्रतिसंक्रमण. फ्रॉइडच्या लेखी हे दुसरे म्हणजे विश्लेषकाने स्वतःत ओळखून आवरायची गोष्ट होती. 1912 मध्ये त्याने विश्लेषकाला आरशासारखे राहण्याचा सल्ला दिला. ही भूमिका प्रामुख्याने लंडनमध्ये बदलली.

जर्मनी सोडून लंडनला आलेल्या पॉला हायमान यांनी 1949 च्या झुरिक परिषदेत मांडले, की विश्लेषकाच्या भावना हा रुग्णाचे मन जाणण्याचा महत्त्वाचा मार्ग आहे. मात्र त्या रुग्णापुढे बोलून दाखवू नयेत. सोसून, तपासून वापराव्यात, असे त्यांनी बजावले. त्यांच्या मार्गदर्शक मेलानी क्लाइन यांना हे पटले नाही. 1955 मध्ये हायमान क्लाइन यांच्या गटातून बाहेर पडल्या.

विश्लेषक डॉनल्ड विनिकॉट त्याआधीच, 1947 मध्ये, विश्लेषकाला वाटणाऱ्या द्वेषाबद्दल उघडपणे बोलले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सतत पळून जाणारा एक नऊ वर्षांचा मुलगा तीन महिने त्यांच्या घरी राहिला. त्याचा थयथयाट अनावर झाला, की विनिकॉट त्याला दाराबाहेर ठेवत. हात न उगारता. घंटी वाजवली, की तो आत येई आणि झाल्या प्रकाराची चर्चा होत नसे. मात्र बाहेर ठेवताना, ‘तुझ्या वागण्यामुळे मला तुझा द्वेष वाटतो’ असे ते दर वेळी सांगत. न बोललेला द्वेष मारहाणीतून बाहेर पडला असता, हे ओळखणारा हा प्रामाणिकपणा या परंपरेची सर्वांत मोलाची देणगी आहे.

मार्गारेट लिटल या आपल्या रुग्णाच्या उपचारात विनिकॉट त्यांचे हात तासन्‌तास धरून बसत; हे लिटल यांनीच पुढे लिहिले. अशा जवळिकीला शिस्त हवीच. विनिकॉट यांचे सहकारी मसूद खान यांनी रुग्णांशी वागताना मर्यादा ओलांडल्या आणि काही रुग्णांचे आयुष्य होरपळले. 1976 मध्ये ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेने त्यांचा प्रशिक्षक-विश्लेषकाचा दर्जा काढला.

हंगेरीहून आलेल्या मायकेल बॅलिंट यांनी भावनांतून रुग्णाला जाणण्याचा हा विचार विश्लेषकाच्या खोलीबाहेर नेला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी सरकारी आरोग्यसेवेतील फॅमिली डॉक्टरांचे गट चालवले. तिथे डॉक्टर आपल्या एखाद्या रुग्णाबद्दल बोले आणि त्या रुग्णापुढे आपल्याला काय वाटले, हेही सांगे. ‘द डॉक्टर, हिज पेशंट अँड दी इलनेस’ (1957) हे बॅलिंट यांचे पुस्तक त्याच कामातून आले.