कुलाब्याहून अलिबागला

होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, हे आपण सारे जाणतो. पण ती अर्धीच हकीकत सांगते. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात एखादी चुंबकसुई मध्यावर तोलून वरखाली फिरण्यास मोकळी सोडली, तर तिचे उत्तर टोक सुमारे ३० अंश जमिनीकडे झुकेल. म्हणून पृथ्वीचे चुंबकीय बल उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि उभे अशा तीन अंगांनी मोजावे लागते. या मोजणीची आपल्या महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे.

मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. १८४१ पासून तेथे चुंबकीय वेध घेतले जाऊ लागले. टांगलेल्या चुंबकांची हालचाल माणसे डोळ्यांनी वाचीत व वहीत उतरवीत. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उत्पाताने चुंबकीय वादळ उठले, तेव्हा कुलाब्यास आडव्या बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. त्या वादळाचा जोर ठरविताना शास्त्रज्ञांनी २००३ साली याच नोंदींचा आधार घेतला. वाचणाऱ्यांना आपण काय जतन करीत आहो याची कल्पना तरी असेल काय?

पुढे शहर वाढले. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय बल निर्माण होते. तेव्हा वेध बिघडणार हे उघड होते. शहराची सोय अडवावी की साठ वर्षांचा वेधक्रम तुटू द्यावा? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात तिसरा मार्ग निघाला. समुद्रापलीकडे अलिबागेस, लोखंड कटाक्षाने टाळून, नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले, म्हणून जुन्या आकड्यांशी नव्यांचा मेळ बसला. १९०७ साली विजेची ट्राम धावली. वेधांची साखळी मात्र अखंड राहिली.

आता मोजणीची साधनेही पालटली आहेत. १८७९ साली एडविन हॉल यांना आढळले, की प्रवाह वाहणाऱ्या सोन्याच्या पातळ वर्खावर चुंबकीय बल आडवे पडले, तर वाहते विद्युत्कण एका कडेकडे ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये किंचित विद्युत्दाब उत्पन्न होतो. अर्धवाहकात असे कण धातूपेक्षा फार थोडे असतात. तेवढाच प्रवाह नेण्यास त्यांना अधिक वेगाने धावावे लागते, म्हणून दाबही मोठा मिळतो. अशा तीन चकत्या परस्परांशी काटकोनात बसविल्या, की बलाची तिन्ही अंगे एकदम कळतात. तळहातावरील यंत्रातही हे आता मावते.

परंतु उष्णतेने अशा चकतीचे माप ढळते आणि शेजारचे लोखंड तिलाही फसविते. साधन लहान झाले, तरी ते पारखून घेण्यास खात्रीचे माप लागतेच. ते अलिबागेसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वेधांतून मिळते. यंत्र विकत घेता येते. शंभर वर्षांची अखंड नोंद विकत घेता येत नाही. ती आपणच राखावी लागते.