प्रतिजैविकरोधी रक्तसंसर्ग

प्रतिजैविकरोधी रक्तसंसर्ग म्हणजे नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे रक्तप्रवाहात होणारा संसर्ग होय. या संसर्गाला शरीराचा प्रतिसाद अनियंत्रित होऊन अवयव निकामी होऊ लागतात, तेव्हा त्या अवस्थेस सेप्सिस असे म्हणतात. रुग्ण बचावणे हे जिवाणूचा प्रकार, रुग्णाची मूळ प्रकृती, संसर्गाचे उगमस्थान आणि परिणामकारक औषध सुरू होण्यास लागलेला वेळ यांवर अवलंबून असते. प्रतिजैविकरोधाचा आघात मुख्यतः यांतील शेवटच्या घटकावर होतो.

कारणीभूत जिवाणू

भारतातील रुग्णालयांत क्लेब्सिएला न्यूमोनिए, एश्चेरिशिया कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर बॉमनाय व स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे रक्तसंसर्गाचे प्रमुख जिवाणू आहेत. मूत्रमार्ग, फुप्फुसे, पोट, शस्त्रक्रियेची जखम किंवा शिरेत बसवलेली नळी यांतून ते रक्तात शिरतात. यांतील काही जिवाणू औषधाचे रेणू तोडणारी विकरे तयार करतात. या विकरांची जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत असल्याने प्रतिकारक्षमता एकाच जातीपुरती मर्यादित राहत नाही.

निदान

निदानासाठी प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्ताचे नमुने घेऊन त्यांतील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले जातात. या तपासणीस रक्त कल्चर म्हणतात. जिवाणू वाढून त्यांची औषधसंवेदनशीलता कळेपर्यंत साधारणतः दोन ते तीन दिवस जातात. तोपर्यंत डॉक्टरांना अनुमानाने औषध निवडावे लागते. नमुना घेण्याआधीच प्रतिजैविक दिले गेले असल्यास जिवाणू न वाढण्याची शक्यता असते. मग अनुमान पडताळून पाहण्याचे साधनच उरत नाही.

ग्रामीण भागात ही अडचण अधिक तीव्र होते. रक्त कल्चरची सोय प्रामुख्याने जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये व मोठ्या खासगी प्रयोगशाळांत असते. खटाव तालुक्याचे मुख्यालय असलेल्या वडूजसारख्या गावातील अत्यवस्थ रुग्णास त्यासाठी सातारा, कराड किंवा मिरज गाठावे लागते. औषधाची पहिली मात्रा देण्यातील विलंब व चुकीची निवड या दोन्हींचा धोका या प्रवासात वाढतो.

रुग्णांवरील परिणाम

सुरुवातीचे औषध निष्प्रभ ठरल्यास मृत्यूचा धोका वाढतो. बचावलेल्या रुग्णांचाही रुग्णालयातील मुक्काम व खर्च वाढतो. सेफ्ट्रिॲक्झोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय व क्लेब्सिएला यांच्या रक्तसंसर्गावरील 'मेरिनो' ही आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत पिपरासिलिन–टाझोबॅक्टम घेणाऱ्या रुग्णांचा ३० दिवसांतील मृत्युदर १२.३ टक्के, तर मेरोपेनेम घेणाऱ्यांचा ३.७ टक्के आढळला. अशा संसर्गात कार्बापेनेम गटातील औषधांना पसंती मिळण्यास या निष्कर्षाने बळ दिले. मात्र त्यांचा वापर वाढला, की त्यांनाच न जुमानणारे जिवाणू बळावतात, हा उपचारातील मूलभूत पेच आहे.

नवजात बालके सर्वाधिक असुरक्षित असतात. दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या 'डेनिस' अभ्यासात बालकांमध्ये आढळलेल्या ॲसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के, तर क्लेब्सिएलापैकी ५४ टक्के जिवाणू बहुऔषधरोधी होते.

परिणामांचे मोजमाप

प्रतिजैविकरोधी संसर्ग असताना झालेला प्रत्येक मृत्यू प्रतिकारामुळेच झाला, असे म्हणता येत नाही. म्हणून संशोधक दोन आकडे देतात. तोच संसर्ग औषधाला दाद देणाऱ्या जिवाणूचा असता तर टळले असते, असे मृत्यू 'प्रतिकारामुळे झालेले' धरतात; संसर्गच झाला नसता तर टळले असते, असे मृत्यू 'प्रतिकाराशी निगडित' धरतात. 'द लॅन्सेट'मधील २०२२ च्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात, सर्व प्रकारचे जिवाणूसंसर्ग मिळून, हे आकडे अनुक्रमे १२.७ लाख व ४९.५ लाख होते.

महाराष्ट्रातील अनुभव

वेळेवर मिळालेल्या साध्या प्रतिजैविकाने काय साधते, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित केलेल्या गावातील आरोग्यदूत महिलांनी सेप्सिसची लक्षणे असलेल्या नवजात बालकांना घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने को-ट्रायमोक्साझोल दिले. १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सेप्सिसग्रस्त बालकांचा मृत्युदर १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आला. येथील निदान लक्षणांवरून केलेले होते, रक्त कल्चरवरून नव्हे. अशा उपचाराचे यश जिवाणू स्वस्त औषधांना दाद देण्यावर अवलंबून असते.

याउलट चित्र मुंबईत दिसले. हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात आढळलेल्या २४ कार्बापेनेमरोधी जिवाणूंपैकी २२ जिवाणूंत एनडीएम-१ हे विकर असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. हे विकर कार्बापेनेमसह बहुतेक बीटा-लॅक्टम औषधे निकामी करते.

उपचार

कार्बापेनेम निष्प्रभ ठरल्यावर बराच काळ मूत्रपिंडास अपाय करू शकणाऱ्या कोलिस्टिनचाच मुख्य आधार होता. इटली व ग्रीसमधील १०२ रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात्मक अभ्यासात सेफ्टाझिडिम–ॲव्हिबॅक्टम व ॲझट्रिओनाम ही औषधे एकत्र दिलेल्यांचा ३० दिवसांतील मृत्युदर १९.२ टक्के, तर इतर उपचार घेतलेल्यांचा ४४ टक्के होता. अभ्यासातील बहुतेक संसर्ग एनडीएम तयार करणाऱ्या जिवाणूंचे होते. औषधाबरोबरच गळू रिकामे करणे, संसर्गित नळी काढणे असे उगमस्थानावरील उपचारही आवश्यक असतात.

उपचाराचा कालावधी विनाकारण लांबवणे टाळले जाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'बॅलन्स' चाचणीत रक्तसंसर्गाच्या ३,६०८ रुग्णांमध्ये सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांच्या उपचारापेक्षा कमी प्रभावी ठरला नाही. ९० दिवसांतील मृत्युदर अनुक्रमे १४.५ व १६.१ टक्के होता. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या संसर्गाचे रुग्ण मात्र या चाचणीत नव्हते.

प्रतिबंध

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये प्रतिजैविकरोधावरील देखरेखीचे जाळे उभारले. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार तीतील प्रतिजैविके विकताना औषधविक्रेत्यास डॉक्टर व रुग्णाच्या नावासह नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने पशुखाद्यातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. रुग्णालयांत हातांची स्वच्छता, शिरेतील नळ्यांची निगा व अनावश्यक प्रतिजैविके टाळणे हे मुख्य उपाय आहेत.